बारा ट्रे आणि तेरावा नंबर

या, असे जवळ सरकून बसा. अजून थोडे. आज एक हकिगत सांगतो, आणि ती मोठ्या आवाजात सांगायची माझी छाती होत नाही.

यातलं एक अक्षरही पदरचं नाही. घडलं ते माझ्याच बाबतीत, आणि माझ्या डोक्यात काही बिघाड नाही, हे डॉक्टरांकडून तपासून घेतलेलं आहे.

मला कीर्तनाचं वेड. कानात सदान्‌कदा कुठलं ना कुठलं कीर्तन चालू असतं, म्हणून कामावर सगळे मला 'बुवा' म्हणतात. देवावर माझा पूर्ण भरवसा. भुताखेतांवर नव्हता.

नव्हता, असं म्हणतोय. लक्षात असू द्या.

रविवार होता. दुपारचे साडेबारा. तुम्ही म्हणाल, दुपारी कसली आलीय भीती? पण आमच्या खोलीला खिडकी नाही. एका मोठ्या रुग्णालयाच्या पोटात, जमिनीखाली दोन मजले, ती खोली आहे. तिथे दुपार आणि मध्यरात्र यांत काडीचा फरक नसतो. पांढरे दिवे, थंडगार हवा आणि पंख्यांची घरघर. चोवीस तास. ती घरघर इतकी अंगवळणी पडते की ऐकूच येत नाही.

थांबली, की मात्र ऐकू येते...

त्या खोलीत आम्ही काय ठेवतो, ते आधी सांगतो. आम्ही माणसांचे आवाज ठेवतो.

ज्यांच्या गळ्याचं असं ऑपरेशन व्हायचं असतं की पुन्हा बोलता येणार नाही, त्यांना आधी तीन दिवस वरच्या खोलीत बसवून सोळाशे वाक्यं वाचायला लावतात. "दार लावून घे." "पाणी गरम आहे का?" "मी येतेच." अशी साधीच. ती वाक्यं खाली आमच्याकडे येतात. पुढे त्यातून एक लहानसं यंत्र तयार होतं. माणूस बोटाने लिहितो आणि यंत्र त्याच्याच आवाजात बोलतं.

अकराशे माणसांचे आवाज आहेत आमच्याकडे. त्यातले कित्येकजण आता नाहीत.

आणि त्या रविवारी त्यात माझ्या ताईचाही आवाज होता.

ताई माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. चाळीस वर्षं कीर्तनात मागे उभं राहून ध्रुपद धरणारी. मला कीर्तनाची गोडी लागली ती तिच्यामुळे. बुधवार, गुरुवार, शुक्रवार तिने वाक्यं वाचली. शनिवारी सकाळी ऑपरेशन झालं. गळा गेला, जीव वाचला.

आता खरी गोम ऐका. आमचे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, जन्मापासून आंधळे. ताईचा चेहरा त्यांनी कधी पाहिलेला नाही. चाळीस वर्षं त्यांनी ताईला फक्त ऐकलंय. ताईने पाटीवर लिहिलेलं त्यांना वाचता येणार नव्हतं. तिचा आवाज गेला, तर त्यांच्यापुरती ताईच गेली.

आणि तो आवाज त्या घडीला जगात एकाच जागी होता. आमच्या खोलीत. आठवड्याच्या नव्या आवाजांची दुसरी प्रत पलीकडच्या इमारतीत जाते ती रविवारी संध्याकाळी सहाला.

साडेबाराला मी ताईच्या खाटेशी बसलो होतो. भाऊजी तिचा हात धरून गप्प बसले होते. खिशात मोबाईल थरथरला. खोलीतल्या यंत्राने आपोआप पाठवलेला निरोप. एक डिस्क गेली.

माझ्या तोंडावर काहीतरी उमटलं असावं. ताईने पाटी ओढली. लिहिलं, "काय झालं?"

"काही नाही गं. खाली एक डिस्क गेलीय. बदलून येतो."

तिने पुसलं. लिहिलं, "माझ्यातली?"

आणि हसली. गळ्यात नळी, तरी हसली.

मी हसू शकलो नाही.

जाता जाता आमच्या मास्तरांबद्दल सांगायला हवं. त्यांच्याशिवाय ही हकिगत उभी राहत नाही.

आमची सगळी साठवण मास्तरांनी उभारली. शाळेत कधी शिकवलं नाही त्यांनी, पण आम्हाला असं काही घोटून घेतलं की नाव पडलं ते पडलंच. साठवण कशी चालते, हे त्यांनी मला कीर्तनाच्याच भाषेत समजावलं होतं.

"हे बघ बुवा, एका ओळीत बारा टाळकरी उभे आहेत असं समज. एक जण घसा बसून गप्प झाला, तर उरलेल्या अकरांच्या सुरावरून त्याचा सूर काढता येतो. काढून नव्या माणसाला शिकवताही येतो. तशा या बारा डिस्क. एक गेली तरी चालतं."

"आणि दोन गेल्या तर?"

"मग घरी जायचं. गाणं संपलं."

मास्तरांचा एक दंडक होता. डिस्क एकट्याने ओढायची नाही. एकाने मॉनिटरसमोर उभं राहून गेलेल्या डिस्कच्या सिरीयल नंबरचे शेवटचे चार आकडे मोठ्याने वाचायचे. दुसऱ्याने रॅकमधल्या डिस्कच्या बॉक्सपुढे, त्या डिस्कच्या ट्रेवर हात ठेवून, बॉक्सच्या दारावर चिकटवलेल्या यादीत बघून, हाताखालच्या डिस्कचे आकडे उत्तर म्हणून म्हणायचे. तीनदा म्हणायचं, तीनदा ऐकायचं. तिन्ही वेळा जुळलं तरच ओढायचं. तरुणपणी त्यांच्या हातून एकदा चांगली डिस्क ओढली गेली होती. काय काय गेलं, ते त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. तो विषय निघाला की चष्मा पुसत बसायचे.

शेवटी मास्तरांनाही गळ्याचाच आजार झाला. सोळाशे वाक्यं त्यांनीही वाचली. शेवटचं वर्षभर ते यंत्रातून बोलायचे. त्याही वर्षात कामावर येऊन रॅकपुढे उभे राहायचे आणि यंत्रातून आकडे म्हणायचे. आवाज त्यांचाच, पण प्रत्येक आकडा वेगळा कापून ठेवल्यासारखा. सगळे एकाच उंचीचे. मध्ये श्वास नाही.

मास्तरांना जाऊन तेव्हा दोन वर्षं व्हायला आली होती.

मी खाली पोचलो. कार्ड लावलं. दार उघडलं.

घरघर चालू होती. थंडी नेहमीचीच.

पण आमच्या रॅकमधल्या स्टोरेज बॉक्सचे पुढचे सगळे दिवे... विझलेले होते.

प्रत्येक ट्रेला एक छोटा दिवा असतो. चांगल्या डिस्कचा हिरवा लुकलुकतो, गेलेलीचा लाल होतो. इथे बाराच्या बारा काळे. सगळंच गेलं की काय?

मॉनिटर बघितला. नाही, बॉक्स चालू होता. अकरा डिस्क ठीक. डिस्क सात गेलेली. सिरीयलचे शेवटचे आकडे चार, नऊ, शून्य, दोन.

आणि खाली पिवळ्या अक्षरांत दुसरी ओळ. डिस्क तीन वाचताना चुका करतेय. चुका चौदा.

मी बघतानाच चौदाच्या एकोणीस झाल्या.

म्हणजे दुसरा टाळकरीही खोकायला लागला होता.

आधी ताईचं फोल्डर दुसरीकडे उचलून ठेवावं म्हटलं. फोल्डर उघडेना. पडद्यावर चक्र फिरत राहिलं. तेवीस चुका.

आमच्या विभागात आम्ही दोघंच. दुसरी टाचणी. अंगाने सडपातळ आणि बोलायला टोचरी, म्हणून टाचणी. तिला फोन लावला.

"बुवा, मी गावाबाहेर आहे हो. किती झालं तरी दोन तास लागतील."

"दोन तास नाहीत गं आपल्याकडे. डिस्क तीन खोकतेय."

"एकटे ओढू नका. हे बघा, मी रागवेन, आणि मी रागावले की काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे."

"दिवेही गेलेत सगळे."

"सगळे? असं कसं होईल? मग तर मुळीच ओढू नका. ट्रेवरच्या नंबरावर जाऊ नका, बुवा. दारावरची यादी बघा."

फोन खरखरला आणि तुटला. जमिनीखाली तो असाच तुटतो.

दारावर यादी नव्हती.

हा दोष माझा. देवासमोर सांगतोय, माझाच. तीन महिन्यांपूर्वी जुना बॉक्स बिघडला म्हणून आम्ही नवा बसवला होता. डिस्क त्याच, त्याच क्रमाने. मास्तरांच्या हाताची यादी जुन्या दारावर होती. नवी करून चिकटवायचं काम माझ्याकडे. उद्या करू, उद्या करू, असं करत तीन महिने गेले. यादीही राहिली आणि ट्रेवर लावायच्या चिठ्ठ्याही माझ्या खणात पडून राहिल्या.

चुका एकतीस.

नवी डिस्क शुक्रवारीच आली होती. खोकं फोडलं, पिशवी फाडली, डिस्क मोकळ्या ट्रेमध्ये बसवून हाताशी ठेवली. मग मॉनिटरसमोर उभा राहिलो आणि सवयीने मोठ्याने म्हणालो,

"डिस्क सात. चार, नऊ, शून्य, दोन."

माझाच आवाज भिंतीवरून परत आला. उत्तर द्यायला कोण होतं तिथे?

रॅकपुढे गेलो. ट्रेवर कारखान्यातून छापून आलेले आकडे होते. मी सात नंबरचा ट्रे शोधला. देवाचं नाव घेतलं. अंगठा खटक्यावर ठेवला.

आणि घरघर थांबली.

हळूहळू नाही. एकदम. कुणीतरी खोलीच्या तोंडावर हात ठेवावा तशी.

अशी शांतता मी आयुष्यात ऐकलेली नाही. माझ्या कानातलं रक्त मला ऐकू येत होतं.

मग रॅकच्या मागून...

"आठ. एक. एक. सहा."

मी तो आवाज ओळखला. तुम्हाला काय सांगू! मानेवरचा केस न् केस उभा राहिला. एकाच उंचीचे चार आकडे. कापून ठेवलेले. मध्ये श्वास नाही.

पळावं म्हटलं तर पाय उचलेनात. अंगठा खटक्यावरच. हलवताही येईना, दाबताही येईना. बोललो ते मी बोललो की सवय बोलली, ठाऊक नाही.

"चार... नऊ... शून्य... दोन."

"आठ. एक. एक. सहा."

तोच सूर. तितकीच उंची. पण आवाज आता रॅकच्या मागून येत नव्हता.

डावीकडून येत होता. माझ्या खांद्याच्या मागे, जिथे मास्तर उभे राहायचे तिथून.

मी मान वळवली नाही. वळवली असती तर आज तुमच्यासमोर बसलो नसतो, असं मला अजून वाटतं.

तिसऱ्यांदा म्हटलं. तिसऱ्यांदा तेच उत्तर. आठ, एक, एक, सहा.

तीनदा म्हटलं, तीनदा ऐकलं. जुळलं नव्हतं.

नियम सांगतो, जुळलं नाही तर हात काढायचा. मी हात काढला. तो निघाला. उलट्या पावलांनी, डावीकडे न बघता, मॉनिटरपाशी गेलो आणि डिस्कची यादी उघडली. आठ, एक, एक, सहा... ही डिस्क सहा होती. ठणठणीत. हिरवी.

तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला.

मॉनिटर शून्यापासून मोजतो. शून्य ते अकरा. ट्रेवर छापलेले आकडे एकपासून बारापर्यंत. मॉनिटरची सात म्हणजे बॉक्सवरचा आठवा ट्रे. मास्तर प्रत्येक बॉक्सवर स्वतः शून्यापासून चिठ्ठ्या लावायचे, ते याचसाठी. टाचणी सांगत होती, ते याचसाठी. आणि त्या चिठ्ठ्या माझ्या खणात होत्या.

मी चांगली डिस्क ओढणार होतो. एक आधीच गेलेली. ही दुसरी. ताई, तिच्याबरोबर त्या आठवड्यातली सगळी नवी माणसं... अंगठ्याच्या एका दाबाने.

परत रॅकपुढे गेलो. आठव्या ट्रेवर हात ठेवला.

"चार, नऊ, शून्य, दोन."

बराच वेळ काहीच आलं नाही...

मग अगदी कानाशी,

"चार. नऊ. शून्य. दोन."

कानाशी बोलताना माणसाचा उच्छ्‌वास लागतो बघा. तो नव्हता. तिथली हवा फक्त जास्त गार होती.

तीनदा म्हटलं. तीनदा ऐकलं. ओढली. डिस्कच्या पाठीवरचा कागद बघितला.

चार, नऊ, शून्य, दोन.

नवी डिस्क आत सरकवली. खटका बसला. मॉनिटरवर हिरवी पट्टी आली. अकरा जणी आठव्या जागी उभ्या राहिलेल्या नवख्या डिस्कला सूर शिकवायला लागल्या. एक टक्का. अजून पाच तास.

तुम्हाला वाटेल, संपलं. मलाही वाटलं होतं.

घरघर परत आली नव्हती.

मी भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसलो आणि देवाचं नाव घेत राहिलो. मोठ्याने घेतोय असं वाटत होतं, पण ओठांतून आवाज फुटत नव्हता. किती वेळ गेला, सांगता येणार नाही. कधीतरी पुन्हा तो आवाज सुरू झाला.

हजेरी घेतल्यासारखा.

पहिल्या ट्रेपाशी चार आकडे. दुसऱ्या ट्रेपाशी चार. आवाज रॅकपुढून सावकाश सरकत होता. मला डोळ्यांना काही दिसत नव्हतं, पण कुठे आहे ते कळत होतं. सातव्या ट्रेपाशी आठ, एक, एक, सहा. त्यानंतर आठव्यापाशी आला.

नव्या डिस्कपाशी.

"तीन. सहा. पाच. एक."

जवळच फोडलेलं खोकं पडलं होतं. ओढून वाचलं. तीन, सहा, पाच, एक. ही डिस्क मास्तर गेल्यानंतर दीड वर्षाने बनली होती. तारीख खोक्यावर छापलेली होती.

आवाज पुढे गेला. नऊ. दहा. अकरा. बारा.

बाराव्या ट्रेपाशी थांबला. मी श्वास धरून बसलो. बॉक्समध्ये बाराच ट्रे आहेत.

"दोन. दोन. सात. पाच."

तेरावा नंबर.

हा ट्रेपाशी नव्हता म्हटला. माझ्याकडे तोंड करून म्हटला होता. कसं कळलं विचारू नका. कळलं.

आणि पंखे चालू झाले.

टाचणी आली तेव्हा साडेतीन वाजले होते. मी अजून जमिनीवरच. बॉक्सचे दिवे मस्त लुकलुकत होते. तिने एक नजर मॉनिटरवर टाकली, एक माझ्यावर.

"ओढलीत ना शेवटी एकट्याने?"

"एकट्याने नाही."

"मग कोण होतं जोडीला? देव?"

तिने माझा हात हातात घेतला, आणि तिची बडबड बंद झाली. हात बर्फासारखा होता म्हणे.

"बुवा, उठा आधी. वर जाऊन काहीतरी गरम प्या. पट्टी मी बघते."

"तू इथे एकटी थांबू नकोस."

"का?"

"थांबू नकोस म्हणतो ना!"

मी तिच्यावर कधी आवाज चढवला नव्हता. ती मुकाट्याने माझ्याबरोबर वर आली. पट्टी आम्ही वरच्या कॉम्प्युटरवरून पाहत बसलो. साडेसहाला पूर्ण भरली. डिस्क तीनने तोवर कसाबसा दम धरला. तीही मग बदलली. दोघांनी मिळून, तीनदा म्हणून. ताईचं फोल्डर उघडलं. सोळाशे वाक्यं जशीच्या तशी. पलीकडच्या इमारतीत प्रत पोचली, तेव्हा रात्रीचे नऊ झाले होते.

दहाव्या दिवशी ताईला यंत्र मिळालं. भाऊजी खाटेशी बसले होते. ताईने बोटाने लिहिलं. यंत्र ताईच्या आवाजात म्हणालं, "अहो, सदऱ्याचं बटण चुकलंय तुमचं."

भाऊजींनी चाचपून बटण नीट लावलं. मग त्याच हाताने डोळे पुसले. इतकंच. मी बाहेर जाऊन व्हरांड्यात मनसोक्त रडून घेतलं.

इथे थांबलो असतो तर बरं होतं.

पण टाचणीच्या मनातून ते दिव्यांचं जात नव्हतं. "सगळे दिवे एकदम जाऊच शकत नाहीत, बुवा." खोलीत कॅमेरा आहे. आवाज घेत नाही, नुसतं चित्र. तिने त्या दुपारचं चित्रण काढलं आणि मला बोलावलं.

मी आत येताना दिसतो. रॅककडे बघतो. दचकतो.

आणि रॅकचे दिवे... चालू आहेत.

बाराच्या बारा. अकरा हिरवे लुकलुकतायत. आठव्या ट्रेचा दिवा लाल. ढळढळीत लाल. आंधळ्यालाही दिसावा असा.

मला दिसला नव्हता.

मी त्याच्यासमोरून जातो, सातव्या ट्रेवर हात ठेवतो. लाल दिवा माझ्या हातापासून चार बोटांवर आहे. मी त्याच्याकडे बघतही नाही. मग मी बोलतो, थांबतो, मान हलवतो. समोर कुणी बोलत असावं तसा.

माझ्या आठवणीत ते सगळं अर्ध्या मिनिटात झालं. चित्रणात मी त्या ट्रेवर अंगठा ठेवून एकोणीस मिनिटं उभा आहे. अंगठा तसूभरही हलत नाही.

पंख्यांच्या वेगाची नोंद असते, तीही बघितली. पंखे त्या दिवशी एक क्षणही थांबले नव्हते.

टाचणीने चित्रण बंद केलं.

"डोळे तपासून घ्या, बुवा," ती म्हणाली. टोचरेपणा नव्हता त्यात.

घेतले. डोकंही तपासून घेतलं. सगळं ठीक आहे.

तेव्हापासून एकच प्रश्न मला खातोय. तुम्हाला म्हणून सांगतो. मला वाचवलं ते मास्तरांनी, याबद्दल मनात तीळभर शंका नाही.

पण माझ्या डोळ्यांपुढचे दिवे विझवले कुणी?

चांगल्या डिस्कवर माझा अंगठा कुणी नेऊन ठेवला? त्या खोलीत माझ्याशिवाय एकच होतं... की दोघं?

आणि तो तेरावा नंबर.

परवा डिस्कची नवी खेप आली. मी आता प्रत्येक खोक्यावरचे शेवटचे चार आकडे आधी वाचतो. पहिलं वाचलं, दुसरं वाचलं. तिसऱ्या खोक्यावर...

दोन, दोन, सात, पाच.

ती बसव म्हणून सांगितलं होतं, की बसवू नको म्हणून? आकड्यांतून ते कळत नाही. मास्तर असते तर म्हणाले असते, अर्धवट निरोप म्हणजे निरोप नव्हेच. खोकं मी फोडलेलं नाही. कपाटात ठेवून कुलूप लावलंय. किल्ली ही बघा, माझ्या गळ्यात आहे. रोज सकाळी खोलीत शिरलो की आधी त्या कपाटाकडे बघतो आणि मग बॉक्सकडे. दिवे लाल, हिरवे, जे काही दिसतात, ते टाचणीला विचारून खात्री करून घेतो. ती आता हसत नाही. नीट मोजून सांगते.

एक शेवटचं, आणि मग तुम्ही मोकळे.

आमच्याकडे नियम आहे. माणूस गेल्यानंतर दोन वर्षांनी त्याचा आवाज पुसतात. घरच्यांनी ठेवा म्हटलं तर ठेवतात, पण मास्तरांना घरचं कुणी उरलेलं नाही. पुसायच्या कागदावर सही माझी लागते. तारीख येऊन गेली. कागद अजून माझ्या खणात आहे. त्या चिठ्ठ्या जिथे पडल्या होत्या, त्याच खणात. वरून दोनदा विचारणा झालीय. तिसऱ्यांदा मला सही करावीच लागेल.

मास्तर नेहमी म्हणायचे, "बुवा, एकाच जागी ठेवलेली वस्तू ठेवलेली धरू नये."

म्हणून तुम्हाला जवळ बोलावलं.

शून्यापासून मोजणारा, तीनदा म्हणायला लावणारा, चष्मा पुसत गप्प बसणारा एक माणूस होता. माझ्या ताईचा आवाज त्याने वाचवला, स्वतःला जाऊन दोन वर्षं होत आली असताना. मी उद्या असेन, नसेन. तुम्ही इतके जण आहात.

आमच्या मास्तरांची आठवण तुमच्यापाशी राहू द्या.